वाचकांचे प्रश्न : प्रायॉन रोग प्राण्यांपासून माणसाला होऊ शकतात का?

प्राणिजन्य आजारांवरील आमच्या गेल्या अंकातील लेखात प्रायॉन रोगांचा, म्हणजे चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या मेंदूच्या रोगांचा, उल्लेख अवघ्या दोन वाक्यांत आला होता, आणि त्या दोन वाक्यांनी अनेक वाचकांना अस्वस्थ केले असे त्यानंतर आलेल्या पत्रांवरून दिसते. पुणे शहर आणि जिल्ह्यातून आलेली काही पत्रे येथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : जिवाणू नाही, विषाणू नाही, तर केवळ एक प्रथिन रोग कसा पसरवते? आणि गायीच्या शरीरातील प्रथिन माणसाच्या मेंदूला कसे बाधते? (एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर)

उत्तर : पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असल्यामुळे असेल, पण आपल्याकडे संसर्ग म्हटला की विषाणूच डोळ्यांसमोर येतो, आणि विषाणू म्हटला की त्याचे जनुकीय द्रव्य आलेच. प्रायॉनमध्ये असे जनुकीय द्रव्य नसते. सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींवर पीआरपी नावाचे एक प्रथिन मुळातच असते आणि ते निरुपद्रवी असते. रोगात या प्रथिनाची साखळी तीच राहते, तिची घडी मात्र बदलते, आणि अशी चुकीची घडी पडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूच्या संपर्कात आला की त्याचीही घडी तशीच बदलते. खडीसाखर करताना दाट पाकात सोडलेल्या दोऱ्यावर पहिले स्फटिक धरले की पुढची साखर त्याच आकारात त्यावर चढत जाते, तसे हे घडत राहते. हळूहळू चेतापेशी मरतात, मेंदूत सूक्ष्म पोकळ्या पडून तो स्पंजासारखा दिसू लागतो. प्रथिन शरीराचे स्वतःचेच असल्यामुळे प्रतिकारशक्तीला ते परके वाटत नाही. म्हणून ताप येत नाही, सूज येत नाही आणि वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. अमेरिकन वैज्ञानिक स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये हा विचार मांडला तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. १९९७ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्राण्याच्या पीआरपी प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम थोडा वेगळा असतो, त्यामुळे एका प्राण्याची बिघडलेली घडी दुसऱ्या प्राण्याच्या प्रथिनावर सहसा बसत नाही. या अडथळ्यामुळेच मेंढ्यांचा स्क्रॅपी हा प्रायॉन रोग युरोपात अडीचशेहून अधिक वर्षे माहीत असूनही तो माणसांत आल्याचा पुरावा मिळालेला नाही. मात्र हा अडथळा म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. गायींच्या बीएसई या रोगाने, ज्याला सर्वत्र ‘मॅड काऊ’ म्हणतात, तो ओलांडला. प्राण्यांचा प्रायॉन रोग माणसाला झाल्याचे आजवर निःसंशय सिद्ध झालेले हे एकमेव उदाहरण आहे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार तेच आहे.

प्रश्न : माझ्याकडे संकरित गायींचा गोठा आणि शेजारी कोंबड्यांची शेड आहे. मॅड काऊ रोग आपल्याकडे येऊ शकतो का? गेल्या वर्षी माझी एक गाय अचानक सारखी हंबरू लागली, लाळ गाळू लागली, मागचे पाय लटपटू लागले आणि चार दिवसांत ती दगावली. तो हाच रोग होता का? (एक दूध उत्पादक, शिरूर तालुका)

उत्तर : आधी गायीविषयी लिहितो, कारण त्यात तातडीचा भाग आहे. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे आणि चार दिवसांत आलेला मृत्यू पाहता पहिला संशय रेबीजचा घ्यावा लागतो. बीएसई चार दिवसांत संपत नाही. त्यात गाय काही आठवडे ते काही महिने बिघडत जाते, स्पर्शाला आणि आवाजाला दचकते, दूध कमी होते, चाल अडखळते. आपल्याकडे पिसाळलेले कुत्रे चावल्याने गायी-म्हशींना रेबीज होतो, आणि घशात काही अडकले असेल असे समजून घरातील कोणीतरी तिच्या तोंडात हात घालते, तेथेच खरा धोका असतो. असे कोणी केले असेल किंवा हाताच्या जखमेवर लाळ लागली असेल, तर वर्ष उलटले असले तरी त्या व्यक्तीने डॉक्टरांना भेटून लसीविषयी विचारावे, कारण रेबीजची लक्षणे क्वचित उशिराही दिसतात आणि एकदा दिसली की बहुधा उपाय उरत नाही. यापुढे असे जनावर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून मेंदूचा नमुना तपासणीला पाठवण्याचा आग्रह धरावा. औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. न तपासता पुरलेले जनावर तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. दुग्धज्वर, किटोसिस, शिशाची विषबाधा यांतही गाय लटपटते, हेही लक्षात असू द्यावे.

आता बीएसईविषयी. हा रोग एका गायीकडून शेजारच्या गायीकडे श्वासातून किंवा स्पर्शातून जात नाही. तो खाद्यातून पसरला. ब्रिटनमध्ये कत्तलखान्यात उरलेले अवशेष शिजवून, चरबी वेगळी काढून, राहिलेल्या चोथ्याची मांस-हाडांची भुकटी केली जात असे आणि स्वस्त प्रथिन म्हणून ती दुभत्या गायींच्या, वासरांच्या खाद्यात मिसळली जात असे. रोगी गायीचा मेंदू आणि मज्जारज्जू त्या भुकटीत गेला, भुकटी हजारो गोठ्यांत गेली, त्यातल्या काही गायी पुन्हा कत्तलखान्यात गेल्या आणि हे चक्र फिरत राहिले. एका गायीला बाधा व्हायला रोगी मेंदूचा एक ग्रॅमहूनही कमी अंश पुरतो, आणि बाधेपासून लक्षणांपर्यंत साधारण चार ते पाच वर्षे जातात. रोग १९८६ मध्ये ओळखला गेला तोवर तो देशभर पसरलेला होता. १९९२ या एका वर्षात ३७ हजारांच्या आसपास गायींना तो झाल्याचे आढळले, आणि ब्रिटनमधील एकूण नोंद १ लाख ८० हजारांच्या पुढे गेली.

रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी घालण्यावर ब्रिटनने जुलै १९८८ मध्ये बंदी आणली. तरीही बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गायींना रोग झाला. कारण डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात भुकटी चालू होती, दोन्ही प्रकारची खाद्ये त्याच कारखान्यांत, त्याच यंत्रांवर तयार होत होती, आणि यंत्रांत राहिलेला अंश गायींच्या पोत्यांत जात होता. १९९६ मध्ये सर्वच पाळीव पशूंच्या खाद्यातून ती काढली गेली तेव्हा हा मार्ग खऱ्या अर्थाने बंद झाला. तुमच्या पत्रातील ‘शेजारी कोंबड्यांची शेड’ हे शब्द वाचून मला हीच गोष्ट आठवली.

भारतात बीएसईची नोंद आजवर झालेली नाही, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला ‘नगण्य धोका’ असलेल्या देशांच्या यादीत घेतले आहे. आपल्या गायी-म्हशी कडबा, हिरवा चारा, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा आणि चुनी यांवर जगतात, हे त्याचे सर्वांत बळकट कारण आहे. दूध देणाऱ्या व मांसासाठी पाळलेल्या जनावरांना गोवंशीय किंवा वराहजन्य मांस-हाडांची भुकटी घालण्यास देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. कोंबड्या, डुकरे आणि मासे यांना मात्र त्यातून वगळलेले आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच की कोंबडीखाद्याचे उरलेले पोते गायीच्या गव्हाणीत कधीही रिकामे करू नये, शेडमधील गादी म्हणून वापरलेला भुसा चाऱ्यात मिसळू नये, दोन्ही खाद्यांची घमेली वेगळी ठेवावीत, आणि खनिज मिश्रण घेताना त्यातील फॉस्फरस खनिज स्रोताचा आहे की हाडांच्या भुकटीचा, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. प्रथिनाच्या किमती वाढल्या की स्वस्त पर्याय शोधण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ब्रिटनमध्येही भुकटी स्वस्त म्हणूनच वापरात आली होती. परदेशी जातीच्या वीर्यमात्रांमुळे हा रोग येईल अशी भीती काही शेतकऱ्यांनी कळवली आहे. गोठवलेल्या वीर्यातून बीएसई पसरत नाही, असेच आंतरराष्ट्रीय निकष मानतात.

एक बाब राहते. अगदी म्हाताऱ्या गायींत, खाद्याशी संबंध नसताना, बीएसईचा एक तुरळक प्रकार आपोआप उद्भवतो असे दिसते. बीएसईपासून बऱ्याच अंशी मुक्त असलेल्या देशांतही तो अधूनमधून सापडतो. असे एखादे जनावर कोठेही निघू शकते. त्या एकाचे हजार होतात ते भुकटीमुळे, आणि म्हणूनच आपल्याकडे रोग नसतानाही खाद्याचा नियम सैल होऊ देता कामा नये.

प्रश्न : माझ्या आईला वयाच्या ६८व्या वर्षी अचानक विस्मरण सुरू झाले, तोल जाऊ लागला, हातापायांना झटके येऊ लागले आणि चार महिन्यांत ती गेली. डॉक्टरांनी सीजेडी असे निदान केले. इंटरनेटवर वाचून काही नातेवाईक ‘हा गायीचा रोग आहे, तिने बाहेर काय खाल्ले होते’ असे विचारतात. आम्ही घरात सर्व शाकाहारी आहोत. आम्हालाही हा होईल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : तुमच्या दुःखात या प्रश्नांची भर पडावी, याचे मला फार वाईट वाटले. तुमच्या आईंनी काय खाल्ले याचा या आजाराशी संबंध असल्याचे मानण्यास काहीही आधार नाही, हे नातेवाइकांना निःशंकपणे सांगावे.

क्रॉइट्झफेल्ड्ट-याकोब रोग, म्हणजे सीजेडी, १९२० आणि १९२१ मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी वर्णन केला. बीएसई त्यानंतर साठेक वर्षांनी आला. सीजेडीचे सुमारे ८५ टक्के रुग्ण कोणत्याही बाह्य कारणाशिवाय होतात. पीआरपी प्रथिनाची घडी कोठेतरी आपोआप चुकते आणि तेथून रोग सुरू होतो. जगभर त्याचे प्रमाण वर्षाला दहा लाख लोकांमागे एक ते दोन असे आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत बीएसई नाही, मेंढ्यांचा नेहमीचा स्क्रॅपीही नाही, तरीही तेथे सीजेडीचे प्रमाण इतर देशांसारखेच आहे. प्राण्यांशी संबंध नसल्याचा याहून सरळ पुरावा देता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. वरील प्रमाणाने पाहिले तर राज्यात दरवर्षी शंभराहून अधिक रुग्ण होणे अपेक्षित आहे, आणि त्यांतले कित्येक जण पक्षाघात किंवा म्हातारपणाचे विस्मरण म्हणून निदानाविनाच जात असावेत.

गायींपासून आलेला प्रकार निराळा आहे. त्याला व्हेरियंट सीजेडी म्हणतात आणि ब्रिटनने तो मार्च १९९६ मध्ये जाहीर केला. त्याचे रुग्ण तरुण होते. मृत्यूच्या वेळचे मध्यवर्ती वय २८ होते. आजाराची सुरुवात बहुधा उदासी, चिंता, अंग दुखणे यांनी होई आणि तो सरासरी वर्षभराहून अधिक चाले. ब्रिटनमध्ये १७८ जणांचा त्याने बळी घेतला. गेल्या काही वर्षांत नवा रुग्ण क्वचितच आढळला आहे. आईंचे वय, झटके आणि चार महिन्यांचा कालावधी ही सगळी चिन्हे नेहमीच्या सीजेडीची आहेत.

तुमच्या स्वतःच्या काळजीबद्दल : रुग्णाची सेवा करणे, त्यांना भरवणे, अंघोळ घालणे, एका ताटात जेवणे, अंत्यविधी करणे यांतून हा रोग होत नाही. दहा ते पंधरा टक्के रुग्णांत मात्र तो आनुवंशिक असतो. आईंच्या भावंडांत किंवा आधीच्या पिढीत असाच आजार झाला असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटावे; चाचणी करायची की नाही हा निर्णय त्यानंतर घरातल्या प्रत्येकाने आपापला घ्यावा. एमआरआय आणि पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी यांचे अहवाल जपून ठेवावेत. आनुवंशिकतेचा प्रश्न सुटेपर्यंत रक्तदान टाळावे, आणि मेंदूची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया करावी लागली तर शल्यचिकित्सकांना ही माहिती द्यावी, कारण प्रायॉन नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने नष्ट होत नाहीत. उपकरणांसाठी १३४ अंश सेल्सिअसला १८ मिनिटे वाफ किंवा तीव्र रसायने वापरावी लागतात.

प्रश्न : आम्ही बकऱ्याचा भेजा आणि पाया आवडीने खातो. हा रोग मेंदूत असतो हे वाचल्यापासून घरात वाद चालू आहे. नीट शिजवले तर चालेल का? (एक वाचक, कॅम्प)

उत्तर : शिजवण्याने प्रायॉनवर परिणाम होत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढवून काही साधत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की त्या मेंदूत प्रायॉन असण्याची शक्यता किती. बकऱ्यांना आणि मेंढ्यांना होणारा स्क्रॅपी हिमालयाच्या पायथ्याच्या भागातील मेंढ्यांत आढळल्याची नोंद १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. स्क्रॅपी माणसाला होतो असा पुरावा नाही, हे वर आलेच आहे. मानवी पीआरपी प्रथिन असलेल्या उंदरांना तो प्रयोगशाळेत देता आला, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. पण त्यासाठी बाधित ऊतक थेट मेंदूत टोचावे लागले होते. फ्रान्समध्येच एका बकरीला गायींचा बीएसई झाल्याचे २००५ मध्ये निश्चित झाले. तेथे बीएसईची साथ होती, आपल्याकडे नाही. शिवाय आपल्याकडील बोकड बहुधा लहान वयातच कापला जातो, आणि हा रोग मेंदूत साठायला वर्षे लागतात.

तेव्हा तपासून शिक्का मारलेल्या तरुण बोकडाचा भेजा खाल्ल्याने प्रायॉन रोग होण्याची भीती मी बाळगणार नाही. पायात तर मुख्यतः हाडे, कातडी आणि स्नायूबंध असतात. बाधा प्रामुख्याने मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, टॉन्सिल आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग यांत साठते. आजारी, अडखळत चालणारे किंवा आपोआप मेलेले जनावर मात्र कोणत्याही कारणाने ताटात येऊ नये. ते अँथ्रॅक्सपासून रेबीजपर्यंत अनेक रोगांनी मेलेले असू शकते.

प्रश्न : दूध, तूप आणि औषधांच्या कॅप्सूल यांतून धोका आहे का? (सदाशिव पेठेतून आलेली तीन पत्रे)

उत्तर : नाही. बीएसई झालेल्या गायींच्या दुधातूनही माणसाला बाधा झाल्याचा पुरावा नाही, आणि दूध व दुग्धजन्य पदार्थ आंतरराष्ट्रीय व्यापारातही सुरक्षित मानले जातात. कॅप्सूलमधील जिलेटिन जनावरांच्या कातडीचे किंवा हाडांचे असते. ते करताना आम्ल, अल्कली आणि उष्णता यांची प्रक्रिया होते आणि डोक्याची व कण्याची हाडे वगळण्याचा दंडक आहे. जिलेटिन नको असेल तर तो आहाराचा किंवा श्रद्धेचा विषय आहे, आणि वनस्पतिजन्य कॅप्सूल मिळतात.

प्रश्न : मी १९९२ ते १९९५ लंडनमध्ये होतो आणि तेथे गोमांसाचे पदार्थ खाल्ले आहेत. मी रक्तदान करावे का? (एक वाचक, औंध)

उत्तर : ब्रिटनमध्ये रक्त देताना लक्षणे नसलेल्या, पण पुढे व्हेरियंट सीजेडी झालेल्या दात्यांच्या रक्तातून चार जणांना बाधा झाली. अपेंडिक्सच्या ३२ हजारांहून अधिक साठवलेल्या नमुन्यांच्या तपासणीत १६ नमुन्यांत चुकीची घडी पडलेले पीआरपी प्रथिन आढळले, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. त्यांतील बहुतेकांना कधीच रोग झालेला नसेल, पण या आकड्यांमुळे अनेक देशांनी ब्रिटनमध्ये राहिलेल्यांना रक्तदानास मनाई केली होती. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी २०२२ मध्ये ती मागे घेतली. तुमच्या रक्तपेढीला वास्तव्याची वर्षे सांगावीत आणि त्यांचा जो नियम असेल तो पाळावा. स्वतःच्या प्रकृतीविषयी, इतक्या वर्षांनंतर, काळजी करण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : मुलगा कोलोरॅडोमध्ये नोकरी करतो. त्याचे सहकारी शिकार करतात आणि हरणाचे मांस भेट देतात. तेथील हरणांत असाच रोग आहे असे तो म्हणतो. त्याने ते खावे का? (एक आई, बाणेर)

उत्तर : सर्व पत्रांत मला सर्वांत जपून उत्तर द्यावेसे वाटले ते याच पत्राला. हरणांच्या या रोगाला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला, १९७८ मध्ये प्रायॉन रोग म्हणून ओळखला गेला, आणि आता अमेरिकेच्या ३० हून अधिक राज्यांत, कॅनडात, दक्षिण कोरियात आणि २०१६ पासून नॉर्वेत आढळला आहे. भारतातील चितळ, सांबरांत त्याची नोंद नाही. बीएसईला भुकटीची गरज होती, याला नाही. हरणाच्या लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून तो पसरतो, मातीत वर्षानुवर्षे टिकतो, आणि रानातल्या हरणांचे खाद्य कोणत्याही सरकारला नियमाने बदलता येत नाही.

माणसाला हा रोग झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही, आणि शिकारी कुटुंबांनी नकळत बाधित मांस खाल्लेले असूनही नाही. स्क्विरल माकडांना तो प्रयोगात झाला. माणसाला अधिक जवळच्या मकाक माकडांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. येथे मला ब्रिटनची दहा वर्षे विसरता येत नाहीत. १९८६ मध्ये गायींचा रोग ओळखला गेला. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी गोमांस सुरक्षित असल्याचे दाखवण्यासाठी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला. १९९६ मध्ये सरकारला माणसांतील रोग जाहीर करावा लागला. तोवर माणसांत रोग दिसला नव्हता याचे एक कारण असे की तो दिसायला तितकी वर्षे लागतातच. पापुआ न्यू गिनीतील कुरू या प्रायॉन रोगात, मृतांचे अवयव खाण्याची प्रथा थांबल्यावरही, काहींना पन्नास वर्षांनी लक्षणे दिसली. म्हणून ‘अजून आढळले नाही’ हे विधान खरे असले तरी त्यावर विसंबून चैनीचे मांस खाण्याची गरज नाही.

मुलाला सांगावे की मांस घेण्यापूर्वी त्या हरणाची चाचणी झाली आहे का, हे विचारावे. कोलोरॅडोत शिकाऱ्यांना ती करून मिळते. रोडावलेले, लाळ गाळणारे, माणसाला न बुजणारे हरीण असेल तर चाचणीची वाटही पाहू नये, मांस नाकारावे. मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, लसीका ग्रंथी खाऊ नयेत, आणि मांस कापताना हातमोजे घालावेत. कीमा सामायिक यंत्रावर केलेला असेल तर त्यात कोणकोणत्या हरणांचे मांस आले हे कळत नाही, म्हणून तोही नको. निकाल येईपर्यंत मांस वेगळे, हरणाचा क्रमांक लिहून गोठवून ठेवावे. बाधा आढळली तर ते खाऊ नये, कुत्र्या-मांजरांना घालू नये, उघड्यावरही टाकू नये, तर राज्याचा वन्यजीव विभाग सांगेल त्या पद्धतीनेच त्याची विल्हेवाट लावावी.